दोघींचा गेम

हिंजवडीजवळच्या माणच्या आमच्या घरमालकीणबाई भाडेकरूंना नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी परभणी. माझ्या खोलीतला जोडीदार जळगाव. वरच्या मजल्यावर सांगली, वाशीम आणि दोन सोलापूर होते. त्यातला एक उंच होता म्हणून तो लांबडं सोलापूर. सकाळी अंगणातून आवाज यायचा, "ए वाशीम, मोटार बंद कर, टाकी वाहतीया!" आणि वाशीमच्या आधी बाकीचे सगळे दचकून उठायचे. मी एकदा म्हणालो, "काकू, आम्हाला नावं आहेत की." तर म्हणाल्या, "नावं कशी ध्यानात ऱ्हात्याल? निम्मे अमोल, निम्मे सचिन. गाव कसं, एकाला एक."

त्यांचं नाव शालन. आम्ही सगळे शालनकाकू म्हणायचो. पंचेचाळिशीच्या असतील. अंगानं आडव्या, चाल अशी की आपण बाजूला व्हायचं. आयुष्य भाताच्या खाचरात गेलेलं आणि ती खाचरं आयटी पार्कात गेलेली. जिथं त्या चिखलात उभ्या राहून लावणी करायच्या तिथं आता काचेची इमारत होती, आणि त्या इमारतीत बसून मी रात्रपाळीला अमेरिकेतल्या लोकांचे बिघडलेले प्रिंटर फोनवरून दुरुस्त करून द्यायचो. त्यामुळं दुपारी मी घरी असायचो. म्हणून हे सगळं मला दिसलं, आणि बरंचसं माझ्याच गळ्यात पडलं.

काकूंना कुठलीही गोष्ट नुसती चालू झालेली पुरत नसे. मागच्या न्हाणीचा नळ बदलायला एकदा प्लंबर आला होता. त्यानं नळ बसवला, पाणी सोडून दाखवलं. काकूंनी खाली बादली ठेवून पाहिली आणि म्हणाल्या, "काढ."

"का हो? पाणी येतंय की."

"पानी येतंय. पन बादली तिरकी ठिवावी लागतीया. चालतंय आन् बरुबर चालतंय, ह्यात लई फरक हाय."

त्या माणसानं तो नळ दुपारभर काढला आणि बसवला. काकू शेजारी उकिडव्या बसून, हातात बादली घेऊन. शेवटी नळ सरळ बसला, पण प्लंबर परत कधी त्या गल्लीत दिसला नाही. पुढच्या वेळी आम्हाला हिंजवडीहून दुसरा आणावा लागला, आणि त्यालाही कुणीतरी आधीच सावध केलेलं होतं.

अशा बाईच्या हाती व्हिडिओ गेम लागला होता. मी येण्याच्या आधीची गोष्ट. काकूंच्या भावानं भाच्यासाठी, म्हणजे काकूंच्या पोरासाठी, टीव्हीला जोडायचा गेम आणला होता. एक चपटा डबा, त्यात कॅसेट खुपसायची, आणि वायरीनं जोडलेले दोन रिमोट. पोरगा सुट्टीभर खेळला आणि डिप्लोमा करायला इस्लामपूरला निघून गेला. डबा टीव्हीखाली राहिला. तेव्हा नुकत्याच जमिनी गेल्या होत्या. ज्या बायकांना कधी दुपार अशी मिळाली नव्हती त्यांना अख्ख्या दुपारी मिळायला लागल्या, आणि त्या दुपारी काय करायचं हे कुणालाच कळत नव्हतं. काकू आणि त्यांची धाकटी जाऊ इंदू, दोघी तेव्हा एकाच घरात. भांडी घासून झाली की टीव्हीसमोर फतकल मारून बसायच्या.

त्यांचा खेळ एकच. पडद्यावर विटांच्या भिंतींचा चक्रव्यूह, त्यात दोन रणगाडे, एक पिवळा, एक हिरवा. वरून शत्रूचे रणगाडे येत राहतात, भिंती फोडत खाली सरकतात. खाली मधोमध पक्ष्याच्या आकाराचं एक ठाणं असतं, ते दोघांनी मिळून राखायचं. ते फुटलं की खेळ संपला. दोघी रणगाड्याला ट्रॅक्टर म्हणायच्या आणि त्या पक्ष्याला कोंबडी. पिवळा ट्रॅक्टर काकूंचा, हिरवा इंदूचा. इंदूनं आपल्या रिमोटला लाल टिकली चिकटवली होती, म्हणजे अदलाबदल नको. काकू सांगायच्या, "मी वर जायाची मारायला. ती खाली कोंबडीपाशी. तिची नजर लई. मला कदी मागं बगावं लागलं न्हाई."

मग रस्त्याकडेची उरलेली एक पट्टी होती, तिच्यावरून दोघा भावांचं बिनसलं. काकूंचे यजमान, त्यांना गावात सगळे भाऊ म्हणत, आणि धाकटे दत्ताभाऊ. बोलणं बंद झालं, चूल वेगळी झाली, अंगणात मधोमध सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत उभी राहिली, आणि प्रकरण पौडला कोर्टात गेलं. दोघींनाही पलीकडे जायचं नाही असं बजावण्यात आलं. गेमचा डबा काकूंच्या बाजूला राहिला. त्याच पावसाळ्यात ट्रान्सफॉर्मर उडाला आणि डब्याचा जीव गेला. दुरुस्तीवाल्यानं तो उघडला, नाकाशी नेला आणि झाकण लावून परत दिला. पुण्याहून नवा मागवला, त्याच्या खोक्यावर हजारो गेम लिहिलेले. पण त्यात तेच तेच पाच-सहा गेम पुन्हा पुन्हा होते, आणि ट्रॅक्टरवाला नव्हता.

हे मला सगळं नंतर तुकड्या-तुकड्यानं कळलं. सुरुवातीला एवढंच झालं, की एका दुपारी काकू आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि आमच्या सुटे भाग आणून जोडून घेतलेल्या कंप्युटरकडं बोट करून म्हणाल्या, "परभणी, ह्याच्यावर टीव्हीवाला गेम चालतो का रं?"

मी म्हणालो, चालतो. इम्युलेटर नावाचं एक सॉफ्टवेअर मिळतं. ते कंप्युटरला त्या डब्याचं सोंग घ्यायला लावतं. खेळाला वाटतं, आपण आपल्याच डब्यात आहोत.

"म्हंजी खेळाला फशिवतं."

"हो, तसंच."

काकूंनी जरा विचार केला. "फसंल का त्यो?"

मला वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम. हिंजवडीच्या सायबर कॅफेतून मी इम्युलेटर आणि खेळ दोन्ही फ्लॉपीत उतरवून आणले. खेळ इतका लहान की फ्लॉपीत बहुतेक जागा मोकळीच राहिली. कंप्युटरवर टाकला, चालू झाला, मी काकूंना हाक मारली. त्यांनी पडद्याकडं पाहिलंही नाही. सुरुवातीची धून वाजली तशी मान हलवली.

"ह्यो आमचा न्हाई."

"तोच आहे काकू. बघा, ट्रॅक्टर, विटा..."

"दिसतोय तसाच. पन चिरकतोय. आन् लई पळतोय. आमचा धिम्मा व्हता."

मी म्हणालो, तुम्हाला बरेच दिवसांनी ऐकल्यामुळं तसं वाटत असेल. त्या निघून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या, तिसऱ्या दिवशी परत. दारातून कानोसा घ्यायच्या, "आजून चिरकतोय," म्हणायच्या आणि जायच्या. मी वैतागून शोधाशोध केली तेव्हा कळलं, की आपल्याकडं विकले जाणारे डबे बाहेरच्यांपेक्षा हळू चालायचे आणि इम्युलेटर बाहेरच्या वेगानं चालत होता. एक सेटिंग होतं, ते बदललं. धून खाली उतरली, जडशी झाली. काकू उंबऱ्यावरून आत आल्या आणि बसल्या.

"हां. आता कसा. आता दोघींचं लाव."

"दोघी कोण?"

"परवा तारीख हाय. परवा ह्ये समदं उचलून आमच्या घरात मांडा."

तारखेचा आणि गेमचा काय संबंध ते त्या दिवशी सकाळी कळलं. आठ-साडेआठला भाऊ पांढरे कपडे घालून जीपमधून पौडला गेले. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून मोटारसायकलचा आवाज आला. दत्ताभाऊही पौडला गेले. एकाच कोर्टात, एकाच दाव्यासाठी, वेगवेगळे. दोन्ही घरं दुपारभर मोकळी. मी आणि जळगावनं तो भला जड मॉनिटर, कंप्युटरचा डबा, वायरी असं सगळं काकूंच्या पुढच्या खोलीत नेलं. मॉनिटर स्टुलावर, कीबोर्ड खाली पाटावर. काकूंनी पदर खोचला, एक गुडघा वर घेऊन बसल्या आणि मागच्या दाराकडं कान लावून राहिल्या.

इंदूवहिनी मागच्या मोकळ्या गोठ्याकडून आल्या. डोक्यावर पदर, हातात वाटी. कुणी पाहिलंच तर विरजण मागायला आले असं सांगता यावं. बारीक अंगाच्या, चपळ, काकूंपेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान. भिंत झाल्यापासून दोघी समोरासमोर पहिल्यांदाच येत असाव्यात, कारण दोघीही एकमेकींकडं सोडून इकडंतिकडंच बघत होत्या. इंदूवहिनी मॉनिटरकडं बघून म्हणाल्या, "टीव्ही लई लहान झाला बाई." काकू म्हणाल्या, "बस."

मी बटणं समजावून सांगितली. बाणांची काकूंना, डावीकडची इंदूवहिनींना. खेळ सुरू झाला. पहिले काही क्षण बरे गेले.

"बाई, माझा ट्रॅक्टर हालंना."

"दाब की नीट."

"दाबलंय. तुमी बोट उचला बरं. हां, आता हालतोय."

काकूंनी पुन्हा बटण दाबलं. हिरवा ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला.

"बगा! तुमी दाबलं की माझा थांबतोय."

"मी काय केलं? मी माझी बटनं दाबतीया."

"तुमची दाबताय आन् माझी आडवताय."

तो शब्द पडला आणि दोघींचीही बोटं बटणांवरच थांबली. त्या पट्टीवरून रस्ता अडवला, पाणी अडवलं, मोजणी अडवली, हेच दोन वर्षं दोन्ही बाजूंनी चाललं होतं. तेवढ्यात एक शत्रू खाली आला आणि कोंबडी फुटली. इंदूवहिनी उठल्या. "हितं बी आडवाआडवीच करायची व्हती तर बोलिवलं कशाला?" असं म्हणून त्यांनी वाटी उचलली आणि विरजण न घेताच गेल्या.

दोष कीबोर्डचा होता. साध्या कीबोर्डवर एका वेळी तीन-चार बटणं दाबून धरली की त्यातली काही त्याला दिसतच नाहीत. एकानं बाण आणि गोळी धरून ठेवली की दुसऱ्याचं बटण मेलं. मी हे काकूंना सांगितलं. त्यांचा चेहरा असा झाला होता की मी दोन पावलं मागं उभा राहून सांगितलं.

"परभणी, त्या अमेरिकेतल्यांचे प्रिंटर फोनवरनं नीट करतूस ना? आन् ह्यो डोळ्यांम्होरं असून तुला व्हईना?"

मला राग आला. पण त्यांच्यावर चिडता येईना. त्या मॉनिटरसमोर तशाच बसून होत्या, गुडघा वर घेतलेला, आणि पडद्यावर खेळ संपल्याची अक्षरं होती.

दोन दिवसांनी त्यांनी मला वकील करून पलीकडं पाठवलं. दत्ताभाऊ घरात नसताना मी कीबोर्ड काखेत मारून रस्त्यानं वळसा घालून गेलो. इंदूवहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी सगळं समजावून सांगितलं, कुठली बटणं एकत्र दाबली की कुठलं अडतं ते बोटानं दाखवलं. त्या निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी मशीन आडवतंय."

"हो. काकूंची काही चूक नाही."

"सगळे असंच म्हंत्यात, दादा. वकील आडवतोय, तलाठी आडवतोय, आता मशीन आडवतंय. मानूस कुनीच आडवत न्हाई."

मी परत आलो. काकूंनी विचारलं, "काय म्हनली?" मी म्हणालो, बघू म्हणाल्या. त्यांना ते पटलं नाही हे दिसत होतं.

पुढच्या तारखेच्या आत मी पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून दोन रिमोट आणले, कंप्युटरला लावायचे. काकूंनी हातात घेऊन पाहिले. "ही कशाला एवढी बटनं? आन् मऊ किती. दाबलं का न्हाई तेच कळंना." त्यातही वैताग असा की दोन्ही रिमोट एकसारखे असल्यानं कंप्युटर दर वेळी चालू झाला की त्यांचा नंबर बदलायचा. कधी पिवळा डाव्या रिमोटवर, कधी उजव्या. काकूंनी दोन्ही आलटून पालटून पाहिले आणि माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी स्वतःच म्हणालो, "बरोबर चालत नाहीय."

तारीख आली. भाऊ गेले, दत्ताभाऊ गेले. आम्ही सामान मांडलं. इंदूवहिनी आल्या नाहीत. काकूंनी बराच वेळ मागचं दार उघडं ठेवलं, मग स्वतःच खेळ लावला. मी म्हणालो, एकट्याचा लावून देतो, तर "असू दे" म्हणाल्या. हिरवा ट्रॅक्टर कोंबडीच्या उजव्या हाताला जिथं उगवायचा तिथंच उभा राहायचा. शत्रू आला की मरायचा, परत उगवायचा, परत उभा. काकू वर मारायला गेल्या की खाली कोंबडी फुटायची. त्या दुपारी त्या पहिला टप्पासुद्धा कितीदा तरी हरल्या.

जळगावला हे बघवेना. तो इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला, एका कारखान्यात पाळीपाळीनं सर्किट तपासायच्या कामाला. म्हणाला, "काकू, तुमचे जुने रिमोट आहेत का?" होते. पिशवीत गुंडाळून कपाटावर ठेवलेले. त्याला माहीत होतं, की त्या रिमोटच्या वायरी कंप्युटरच्या मागं प्रिंटर जोडायचं जे तोंड असतं तिथं जोडता येतात. कुठलीशी आकृती छापून आणली, सोल्डरिंगचं सामान मांडलं आणि कामाला लागला. काकू उंबऱ्यावर लसूण सोलत बसल्या.

"झालं का?"

"नाही."

एक पाकळी सोलून व्हायची. "आता?"

"काकू, तुम्ही जा बरं आत."

पहिल्या प्रयत्नात दोन्ही रिमोटनी एकच ट्रॅक्टर हलला. दुसऱ्या प्रयत्नात काहीच हललं नाही. तिसऱ्यात डावीकडं दाबलं की वर जायचा. जळगाव एवढा शांत पोरगा, त्यानं सोल्डरिंग गन आपटली. काकू म्हणाल्या, "आपटू नगंस. पुन्ना बग." आणि त्यानं पुन्हा पाहिलं. एकदाचं जमलं तेव्हा काकूंनी जुना रिमोट हातात घेतला, अंगठा त्या गुळगुळीत झालेल्या बटणावर ठेवला आणि एक टप्पा पार केला. नंतर जळगावला आत बोलावून त्याला पोटभर जेवायला घातलं, आणि मला नाही.

पण पुढची तारीख गुरुवारी पडली. गुरुवारी माणला दिवसभर लाईट नसायची. काकूंनी यजमानांना खरंच विचारलं, "वकिलाला सांगून गुरवार सोडून तारीख घेता येत न्हाई व्हय?" भाऊ म्हणाले, "तुला काय करायचंय कोर्टाचं?" त्याच्या पुढची तारीख जज रजेवर असल्यानं आदल्या दिवशीच रद्द झाली. मग कुठं एक मंगळवार मिळाला.

आता प्रश्न इंदूवहिनींना बोलवायचा. मी परत वकिली करायला तयार नव्हतो. काकूंनी मला सांगितलंही नाही. मंगळवारी सकाळी दोन्ही गाड्या गेल्यावर त्या टिकलीचा रिमोट घेऊन अंगणात गेल्या आणि वायरीला धरून तो भिंतीवरून पलीकडं सोडला. वायरीचं टोक अलीकडं लोंबत राहिलं. काकू मागं न बघता घरात आल्या आणि भाकरी थापायला बसल्या.

मी खोलीतून बघत होतो. बराच वेळ काहीच झालं नाही. मग वायरीचं टोक हळूच वर सरकलं आणि भिंतीपलीकडं गेलं.

इंदूवहिनी आल्या त्या रिमोट पदराखाली घेऊन. वाटीही होती. काकूंच्या शेजारी बसल्या, मी जोडणी केली आणि मागं सरकलो. त्या दिवशी जे चाललं ते बरोबर चाललं. मी पहिल्यांदाच दोघींना खेळताना पाहत होतो, आणि त्या भराभर बोलत होत्या, पण सगळं खेळातलं.

"डावीकडनं आला. डावीकडनं."

"बगितला."

"वीट फोडू नगंस, आडोसा हाय त्यो."

"कोंबडी! कोंबडी राख इंदे!"

"राखतीया की! तुमी तुमचं बगा!"

टप्प्यामागून टप्पा गेला. पूर्वी जिथं नेहमी हरायच्या तो टप्पा आला, दोघी पुढं सरकून बसल्या. शत्रूचे शेवटचे काही रणगाडे उरले होते. आणि लाईट गेली.

पंखा थांबला. मॉनिटरवर मधोमध एक ठिपका चमकला आणि विझला. लांब आयटी पार्कात जनरेटर सुरू झाल्याचा आवाज यायला लागला. काकूंनी रिमोट मांडीवर ठेवला.

जळगाव हळू आवाजात म्हणाला, "मधेमधे सेव्ह केलं असतं तर तिथूनच सुरू करता आलं असतं."

"मंग सांगायचं न्हाई का!"

"सांगितलं होतं काकू. तुम्हीच म्हणालात, असलं काही नको, आमच्यात नव्हतं."

काकूंनी हातानंच त्याला गप्प केलं. आम्ही दोघं बाहेर ओट्यावर येऊन बसलो. लाईट येईपर्यंत इंदूवहिनी थांबल्या, म्हणून त्यांना बोलावंच लागलं. दार उघडं होतं.

"बाई, ह्यांचं आन् भावजींचं जमतंय म्हनं. बिल्डर ती पट्टी दोगांकडनं बी घेनार हाय."

"व्हय. कानावर आलंय."

"आमी नांद्याला फ्लॅट बगितलाय."

"पानी येतं का?"

"येतं म्हंत्यात."

"आंगन?"

"पार्किंग हाय."

मग काकू म्हणाल्या, "म्हंजी आता तारीख न्हाई."

"आता कशाची तारीख."

"लाईट येईल. थांब जरा."

इंदूवहिनी थांबल्या. चार वाजून गेले. मग मोटारसायकलचा आवाज लांबून ऐकू आला असं वाटलं म्हणून त्या उठल्या. रिमोट तिथंच ठेवला. काकूंनी आठवणीनं त्यांच्या वाटीत विरजण घातलं. त्या गोठ्याकडून गेल्या आणि थोड्याच वेळात पंखा फिरायला लागला. मोटारसायकल दुसऱ्याच कुणाची तरी होती.

मी कंप्युटर चालू केला. खेळ पहिल्या टप्प्यापासून सुरू झाला. काकूंनी एकदा पडद्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "उचला."

उन्हाळ्यात दत्ताभाऊंचं घर हललं. एक टेंपो आला, दुपारपर्यंत भरला, गेला. भिंत मात्र तशीच राहिली. ती पाडायचं कुणाच्या मनात आलं नाही. पंधरा दिवसांनी काकू आमच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "परभणी, त्यो गेम काढून टाक. जागा खातोय."

"काकू, तो अगदी लहान आहे. काही जागा खात नाही."

"खातोय," त्या म्हणाल्या.

मी काढून टाकला. पुढं माझी दिवसपाळी झाली, जळगावला नाशिकला नोकरी लागली, आणि मी वाकडला राहायला गेलो. माणला जाणं होईना. लग्नाचं निमंत्रण द्यायला गेलो तेव्हा काकू घरी नव्हत्या, भाऊंच्या हातात पत्रिका देऊन आलो.

दोन हजार दहाच्या सुमाराला आम्ही फ्लॅट शोधत होतो. एका रविवारी मी एकटाच माणजवळच्या नांद्याला एक जागा बघायला गेलो. ऊस काढून नुकत्याच झालेल्या इमारती, मधेच एखादं उभं शेत. एका सोसायटीच्या फाटकापाशी मोठ्यानं बोलणं चाललं होतं. आवाज ओळखीचा वाटला म्हणून गाडी थांबवली. शालनकाकू. हातात स्टीलचा मोठा डबा, केस निम्मे पिकलेले, आणि समोर गणवेशातला एक कोवळा वॉचमन.

"आंटी, फ्लैट नंबर बताइए."

"नंबर मला काय ठावं? इंदूच्या घरी जायचंय. इंदू."

"कौन सी विंग?"

काकूंनी मला पाहिलं. आश्चर्य वगैरे काही नाही, जणू मी वरच्या मजल्यावरून खाली आलो होतो. "परभणी, बरं झालं. ह्याला सांग. दर आठवड्याला येतीया मी. दर बारीला ह्यो नवाच उभा असतोय."

मी वॉचमनला आडनाव सांगितलं. त्यानं यादीत बघून इंटरकॉम उचलला, बटणं दाबली, कानाला लावून उभा राहिला. पुन्हा दाबली. "लग नहीं रहा, सर." मी काकूंना विचारलं, फोन नंबर आहे का. तर तो पोराच्या मोबाईलमध्ये होता आणि पोरगा चाकणला. वॉचमन म्हणाला, थांबा, परत लावून बघतो. काकू थोडा वेळ थांबल्या. कपाळावर आठी चढत गेली. मग त्या आडव्या दांड्याच्या बाजूनं सरळ आत गेल्या. वॉचमन "आंटी, आंटी" करत राहिला. दोन इमारतींच्या मधे गाड्या लावायची मोकळी जागा होती, तिथं मधोमध जाऊन उभ्या राहिल्या, डबा कुणाच्या तरी मोटारीच्या बॉनेटवर ठेवला, दोन्ही हात तोंडाशी धरले.

"इंदेऽऽऽ!"

एका बांधावरून दुसऱ्या बांधावर मारतात तशी हाक. दोन्ही इमारतींवर आपटून ती परत खाली आली. कुठंतरी कुत्रं भुंकायला लागलं. खिडक्या उघडल्या, गॅलऱ्यांत माणसं आली, एका बाईनं कडेवरचं मूल घट्ट धरलं. काकूंनी पुन्हा श्वास भरून घेतला.

"ए इंदेऽऽऽ!"

चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत इंदूवहिनी धावत आल्या. हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले. कठड्यावरून अर्ध्या बाहेर वाकून त्या ओरडल्या, "आले, आले! वरडू नका बाई, लोक बगत्यात!"

"बगू दे!" काकू खालून त्याहून मोठ्यानं म्हणाल्या. "तू खाली ये, डबा जड हाय!"

मी गाडीला किक मारली. फाटकात वॉचमन अजून इंटरकॉम कानाला लावून उभा होता.